आधी दिसतं ते लिहा: चित्रांवरून लेखन शिकवणाऱ्या नव्या प्राध्यापकांसाठी

जून-जुलैमध्ये ठाण्या-नवी मुंबईच्या महाविद्यालयांत स्टाफरूममध्ये दरवर्षी नवे चेहरे येतात. बरेचसे तासिका तत्त्वावर आलेले असतात. हातात वेळापत्रक पडतं आणि त्यात प्रथम वर्षाचा लेखनकौशल्याचा पेपर असतो, कारण जुन्या मंडळींना तो नको असतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा पेपर बहुतेक ठिकाणी एईसी, म्हणजे क्षमता वाढवणारा अभ्यासक्रम, म्हणून येतो. दोन श्रेयांक, तीस तास, आणि समोर कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांची एकत्र मुलं. कधी साठ, कधी एकशेवीस. मी हा पेपर आधी ठाण्यात आणि नंतर नवी मुंबईत बरीच वर्षं शिकवला आहे. जाहिराती, पाट्या, फलक, भिंतीवरची चित्रं अशा रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टींवरून तो कसा शिकवायचा, ते इथे क्रमानं सांगते.

मुलांना लिहिता येत नाही, असं आपण फार सहज म्हणतो. मला ते पटत नाही. त्यांना बघायच्या आधी मत द्यायची सवय लागलेली असते. शाळेत दहा वर्षं "आजच्या धकाधकीच्या जीवनात" अशी सुरुवात करून गुण मिळालेले असतात, ते तरी दुसरं काय करणार? पर्यावरणावर निबंध दिला की आपण त्यांना पुन्हा त्याच वाटेला लावतो. चित्राचं तसं नाही. मुलानं एक वाक्य लिहिलं की ते खरं आहे का, हे वर्गातल्या प्रत्येकाला तिथल्या तिथे मान वर करून पडताळता येतं. पुरावा भिंतीवर असतो. चित्र घ्यायचं ते एवढ्याचसाठी. कलेचा इतिहास शिकवणं हे आपलं काम नाही.

पहिलं चित्र कोणतं घ्यावं

पहिल्या वर्षी मी जगप्रसिद्ध चित्रांच्या चौदा स्लाइड्स करून नेल्या. वर्ग शांत बसला आणि मग सगळ्यांनी लिहिलं, "हे चित्र अतिशय सुंदर व अप्रतिम आहे." चूक माझी होती. थोर म्हणून समोर ठेवलेल्या चित्राला कुणी प्रश्न विचारत नाही, हात जोडतं. म्हणून पहिलं चित्र असं घ्या, की जे मुलांनी हजार वेळा पाहिलं आहे आणि कुणीही त्यांना त्याचं कौतुक करायला सांगितलेलं नाही. एकच घ्या. पहिले चार तास ते पुरतं.

माझं पहिलं चित्र ठरलेलं आहे. लोकलच्या बायकांच्या डब्यावर वर्षानुवर्षं दिसणारी, डोक्यावर पदर घेतलेली बाई. शेजारी हिरवे-पिवळे तिरपे पट्टे. ठाण्यात शिकणाऱ्या निम्म्या मुली रोज या चित्राशेजारून डब्यात चढतात. मुलगे त्या पट्ट्यांवरून आपला डबा कुठे येणार याचा अंदाज बांधतात. म्हणजे चित्र सगळ्यांचं आहे.

फोटो तुम्हीच काढून आणा आणि लोकल थांबलेली असताना, फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या आत उभं राहून काढा. डब्यातल्या कुणाचाही चेहरा त्यात येऊ देऊ नका. प्रोजेक्टरवर विसंबू नका. तो नेमका त्याच दिवशी बंद असतो. ए-फोर कागदावर रंगीत प्रती काढून चार जणांत एक वाटली की काम होतं.

पहिला तास: फक्त दिसतं

फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा "दिसतं", दुसऱ्यावर "म्हणजे", तिसऱ्यावर "कशावरून". पहिल्या तासाला दुसरा आणि तिसरा रकाना रिकामाच ठेवायचा.

फोटो वाटायच्या आधी एक प्रश्न विचारा: त्या बाईच्या कपाळावर टिकली आहे का? माझ्या वर्गात यावरून दरवेळी दोन तट पडतात. रोजचा प्रवास, रोजचं चित्र, पण कुणालाच नक्की आठवत नाही. एकदा मी उत्तर न देता तास संपवला आणि सांगितलं, उद्या येताना बघून या. दुसऱ्या दिवशी मुली फोटो घेऊन आल्या तर निरनिराळ्या गाड्यांवरची चित्रं एकमेकींशी जुळेनात. त्या दिवसापासून त्या वर्गाला "नीट बघा" असं सांगावं लागलं नाही.

मग फोटो वाटा आणि दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. वीस वाक्यं, सगळी "दिसतं"ची. सुंदर, छान, आकर्षक, भव्य, मनमोहक या शब्दांना बंदी. सातव्या-आठव्या वाक्यानंतर वर्ग अडतो, "मॅडम, संपलं" असा सूर निघतो. तिथे मदत करू नका. खरं बघणं बाराव्या वाक्यानंतर सुरू होतं: रंग कुठे उडाला आहे, चित्राची उंची दाराच्या मानानं किती, अक्षरं कोणत्या लिपीत आणि कोणती वर.

याच तासाला थोडे शब्द हाताशी द्या. वरच्या बाजूला, मध्यभागी, कडेला, पुढे, पाठीमागे, चौकट, छटा, मोकळी जागा, झुकलेली रेषा. एवढे पुरतात. मुलांना बघता येतं, पण जागा सांगणारे शब्द सवयीचे नसतात, त्यामुळे "साइडला" या एका शब्दावर सगळा भार येतो.

दुसरा तास: ऐकून काढायचं

हा तास मला सगळ्यांत प्रिय आहे. दोघांची जोडी करा आणि पाठीला पाठ लावून बसवा. या सरावापुरतं वेगळं चित्र फक्त एकाच्या हातात. तो वर्णन लिहितो, मोठ्यानं वाचतो, दुसरा ऐकून काढतो. चित्रकला यायची गरज नाही, रेघोट्या चालतात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जिथे रेघोटी चुकली तिथे वाक्य ढिलं होतं. व्याकरणाचा नियम सांगून जे दहा वेळा कळत नाही, ते इथे एका झटक्यात कळतं. "त्याच्या बाजूला तो आहे" या वाक्यात "त्याच्या" म्हणजे कुणाच्या, हा प्रश्न मग तुम्हाला विचारावा लागत नाही, चित्र काढणाराच वैतागून विचारतो.

एका वर्षी वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थिनी होती. चित्रांवरचा पेपर तिला कसा द्यायचा, म्हणून मी घाबरले होते. तिनं स्वतःच मार्ग काढला. वर्णनं तिला वाचून दाखवायची आणि ती प्रश्न विचारणार. लोकलच्या चित्राचं वर्णन ऐकून तिनं विचारलं, "पट्टे कोणत्या बाजूला झुकलेत?" चाळीस जणांपैकी एकानंही ते लिहिलं नव्हतं. "हिरवा रंग म्हणजे कोणता, पानाचा की बसच्या तिकिटाचा?" हाही तिचाच प्रश्न. आपण लिहितो ते न पाहिलेल्या माणसासाठी, हे त्या वर्गाला कायमचं समजलं. तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर तिला किंवा त्याला बाजूला वेगळं काम देऊ नका. आधी त्यांनाच विचारा, त्यांना कसं जमेल.

दिसतंपासून विधानापर्यंत

तिसऱ्या-चौथ्या तासाला दुसरे दोन रकाने उघडा. इथे घाई झाली की सगळं बिघडतं. "पदर आहे, म्हणजे भारतीय संस्कृती" अशा उड्या पडायला लागतात. प्रत्येक "म्हणजे"समोर "कशावरून" हे विचारलंच पाहिजे.

एका मुलीचा पहिला खर्डा असा होता:

"लोकल ही मुंबईकरांची जीवनवाहिनी आहे. आज स्त्री पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून काम करत आहे. महिलांच्या डब्यावरील चित्र हे स्त्रीशक्तीचे प्रतीक आहे."

तिसरा खर्डा असा झाला:

"डब्यावर बाईचा चेहरा आहे, खांद्यापर्यंत. डोक्यावर पदर आहे. मी ऐरोलीहून ठाण्याला रोज या डब्यातून येते. आमच्यातल्या बहुतेकींच्या पाठीवर सॅक असते. पदर घेतलेल्या दोन-तीन आज्या असतात. चित्रातली बाई कुठे निघाली आहे ते कळत नाही, कारण तिला हातच दाखवलेले नाहीत."

"तिला हातच दाखवलेले नाहीत" या वाक्याखाली मी रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: यावरून काय? पुढच्या आठवड्यात तिचं विधान आलं: "हे चित्र बाई कशी ओळखायची ते सांगतं, ती काय करते ते सांगत नाही." हा निबंधाचा कणा. पहिल्या खर्ड्यातलं एकही वाक्य यापाशी पोचू शकलं नसतं.

मग मी वर्गाला दुसरी बाजू मांडायला लावते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लांबून डबा कळावा म्हणून हे चित्र आहे. गाडी फलाटाला लागत असताना सेकंदभर दिसणाऱ्या खुणेत किती गोष्टी मावणार? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर देणारा परिच्छेद मुलांना लिहावा लागतो. वादाची सवय अशी लागते, कुणाचंही मन न दुखावता.

घरांच्या जाहिराती

दुसरं मोठं चित्र म्हणून बांधकाम प्रकल्पाचा फलक घ्या. घोडबंदर रोड असो, पाम बीच असो की उलवे-पनवेल, सामग्रीला तोटा नाही. ब्रँडचं नाव कापून टाका, म्हणजे चर्चा कंपनीवर जात नाही.

इथे मुलांना एक प्रश्न द्या: काय नाही? पंधरा मिनिटांत यादी तयार होते. एकाही गॅलरीत कपडे वाळत घातलेले नाहीत. रिक्षा नाही. इस्त्रीवाला नाही, भाजीवाली नाही, कुत्रं नाही. पावसाळा नाही. म्हातारी माणसं असलीच तर हसत चालत आहेत. आभाळ संध्याकाळचं, आणि सगळ्या खिडक्यांत एकाच वेळी दिवे. शेजारची इमारत तर कुठेच नाही, जणू टॉवर माळावर एकटाच उभा आहे. माझ्या अनुभवात हा प्रश्न मुलांना सगळ्यांत जास्त लिहितं करतो, कारण ती स्वतः अशाच किंवा याहून लहान घरांत राहतात आणि काय गायब आहे ते त्यांना पुस्तकाशिवाय माहीत असतं.

मग फलकाच्या तळाशी जा. बारीक अक्षरांत "चित्र केवळ कल्पनेसाठी" अशा अर्थाचं वाक्य असतं, महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाची माहिती उघडते. मुलांना ती उघडायला लावा. वरच्या मोठ्या अक्षरांची भाषा आणि तळच्या बारीक अक्षरांची भाषा शेजारी लिहून काढली, की एकाच कागदावर दोन बोलणारे दिसतात: एक स्वप्न दाखवणारा, एक हात झटकणारा. निबंधाला विषय शोधावा लागत नाही.

शब्द आणि चित्र एकत्र कसं काम करतात, हे समजावायला एकच सिद्धांत सांगा. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६४ मध्ये पास्त्याच्या एका जाहिरातीवर लिहिलं. जाळीच्या पिशवीतून पाकिटं, टोमॅटो, ढोबळी मिरची बाहेर आलेली, रंग लाल, हिरवा, पिवळा. फ्रेंच माणसाला त्यातून इटली दिसते, खुद्द इटालियन माणसाला तसं दिसेलच असं नाही, हे त्यांनी दाखवलं. आणि शब्द चित्राच्या अनेक अर्थांना नांगर टाकून एका जागी धरतात, असं म्हटलं.

नांगराची ही कल्पना आमच्याकडे चटकन पोचते. एक फोटो आणा: खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो), मागे टॉवर. तीन गटांना तीन ओळी द्या. "खिडकीतून दिसणारा निसर्ग." "ठाणे खाडी, रामसर पाणथळ." "भरती-ओहोटीवर जगणारी माणसं." ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, एवढी माहिती सगळ्यांना सारखी द्या. तरीही तीन गटांचे तीन वेगळे परिच्छेद येतात. एकदा कोळीवाड्यातल्या एका मुलीनं तिसऱ्या ओळीवर लिहिलं, "आमच्यासाठी खाडी म्हणजे देखावा नाही, होडी बांधायची जागा." बार्थ तिला कळले की नाही हे मला विचारावं लागलं नाही.

पाट्यांची फेरी

वर्गाबाहेर एकदा तरी न्या. ठाण्यात असाल तर स्टेशन पश्चिम, जांभळी नाका, तलावपाळी. किंवा गोखले रोड आणि राम मारुती रोड. वाशीत असाल तर सेक्टर सतरा. वेळ सकाळची ठेवा, संध्याकाळी गर्दीत साठ मुलं सांभाळणं अशक्य. प्राचार्यांची लेखी परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र आधी घ्या.

विषय एकच: दुकानांच्या पाट्या. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसेल अशा अक्षरात हवी. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, त्यामुळे तेव्हा शहरभर पाट्या बदलल्या. प्रत्येक मुलानं दहा पाट्या नोंदवायच्या: कोणती लिपी वर, कोणती मोठी, कोणती उजळ, आणि देवनागरीत लिहिलेला शब्द मराठी आहे की इंग्रजीच देवनागरीत आला आहे. "पाटी मराठीत आहे की देवनागरीत?" या प्रश्नावर मी आतापर्यंत वाचलेले काही उत्तम निबंध आहेत. एकानं जुन्या हातानं रंगवलेल्या पाटीतल्या "क्ष"वर अख्खं पान लिहिलं होतं.

इथे एक सावधगिरी. वाढदिवसाचे राजकीय फलक हे खरं तर अप्रतिम साहित्य आहे. कुणाचा चेहरा किती मोठा, कोण गोलात, कोण खालच्या रांगेत, हात जोडलेले की उंचावलेले, यातून अख्खी उतरंड वाचता येते. पण पहिल्या महिन्यात ते घेऊ नका. वर्गात कुणाचे काका त्या गोलात असतात. घ्यालच तेव्हा नावं, चिन्हं, झेंड्याचे रंग झाकून केवळ चेहऱ्यांचे आकार आणि जागा यांवर लिहायला सांगा.

वारली चित्रांबद्दल थोडं

उड्डाणपुलाखाली, शाळांच्या कुंपणांवर वारली आकृत्या दिसतात, म्हणून नवे शिक्षक हा विषय हमखास घेतात. जरूर घ्या, पण भिंतीवरच्या नक्षीवर थांबू नका. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत तो सगळा मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे लग्नात सवासिनी तांदळाच्या पिठानं झोपडीच्या भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघट देवी असते. ते चित्र विधीचा भाग असतं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुलाखालची रांग आणि लग्नातला चौक यांची तुलना मुलांना लिहायला सांगा: कुणी काढलं, कुणासाठी, किती दिवस राहणार. आणि वर्गात शहापूर-मुरबाडकडची वारली मुलं असतील तर त्यांना उभं करून "तू सांग" म्हणू नका. त्यांना सांगायचं असेल तर ती तासानंतर येऊन सांगतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

तपासणी आणि मोबाइल

एकशेवीस कागद तपासताना सगळ्या चुका दुरुस्त करायला जाऊ नका. पहिल्या खर्ड्याला गुण नाहीत. दोनच खुणा करा: पुराव्याशिवाय "म्हणजे" आलं तिथे प्रश्नचिन्ह, आणि चांगल्या निरीक्षणाखाली रेघ. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात. एका परिच्छेदापेक्षा जास्त मागू नका, निदान दिवाळीपर्यंत.

मुलं फोटो मोबाइलमधल्या एआयला दाखवून वर्णन मागतात. त्यांना रागावून उपयोग होत नाही. मी ते वर्णन वर्गात वाचून घेते आणि "कशावरून" विचारते. शिवाय लेखन वर्गात, हातानं, आणि विषय त्यांच्या स्वतःच्या वाटेवरचा ठेवते: घरापासून महाविद्यालयापर्यंत रोज दिसणारी एक पाटी, एक भिंत, एक फलक. तिथली धूळ आणि कोपऱ्यातला फाटलेला कागद यंत्राला माहीत नसतो.

पेपरच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या दिवसाचा लोकलच्या चित्रावरचा परिच्छेद आणि शेवटचा खर्डा एकत्र टाचून द्या. त्याखाली मुलानं तीन ओळी लिहायच्या: कोणतं वाक्य काढून टाकलं, त्याजागी कोणतं आलं, आणि का. वीस मिनिटं द्या, वर्गातच लिहून घ्या. हा कागद घरी न्यायला देऊ नका. पुढच्या जूनच्या पहिल्या तासाला, नाव झाकून आणि परवानगी घेऊन, नव्या वर्गाला वाचून दाखवायला तो लागतो.